मजकूर मान्य व कबूल नाही

आमच्या घरमालकांनी आयुष्यात एकही ईमेल डिलीट केला नाही.

आळस म्हणून नव्हे, तत्त्व म्हणून. उभी हयात त्यांनी रत्नागिरीच्या कोर्टात एका वकिलांकडे कारकुनी केली होती आणि निवृत्त होताना तिथून एक गोष्ट पक्की घरी आणली होती : ज्या नोटिशीला उत्तर दिलं नाही, ती आपण कबूल केली असं होतं. मग ती नोटीस शेजाऱ्याची असो, नाहीतर टकलावर केस उगवून देणाऱ्या कंपनीची. "गप्प बसलास की मेलास," असं ते मला जिन्यात भेटले की बजावायचे, आणि मी ते गप्प बसून ऐकायची.

मी त्यांच्या वरच्या खोलीत राहायला आले ती एका सी.ए.कडे आर्टिकलशिप करायला. घर चिपळूणला, शाळा इंग्रजी माध्यमाची, बोलण्याची हौस बेताची. "मुलगी बोलत नाही फारशी" हे लोक माझ्याबद्दल तक्रार म्हणून सांगतात. काकूंना ते प्रशस्तिपत्र वाटलं आणि खोली मला मिळाली. काकांना मात्र माझ्यात दुसरंच काही दिसलं. सामान लावून होण्याआधीच ते वर आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "इंग्रजीत शिकलीस ना गो? मग हे जरा बघ."

हातात एका मेलची छापील प्रत होती. परदेशातल्या कुठल्याशा लॉटरीत काकांना बक्षीस लागलं होतं.

"काका, हे खोटं असतं. सगळ्यांना येतं."

"खोटं आहे ते मला कळतं. खोट्यालाच तर उत्तर द्यावं लागतं. खऱ्याला कशाला द्यायचं?"

मग त्यांनी भिंतीला टेकून, डोळे मिटून, उत्तर सांगितलं. मी लिहून घेतलं, कारण नाही म्हणायला जेवढं बोलावं लागलं असतं त्यापेक्षा लिहिणं सोपं होतं. "आपले पत्र पावले. आम्ही सदर लॉटरीचे तिकीट कधीही काढलेले नाही. सबब, आम्हास बक्षीस लागले हा मजकूर मान्य व कबूल नाही. बक्षीस आपल्याकडेच ठेवावे व तसे ठेवल्याची पोच द्यावी." याचं इंग्रजी करून मी पाठवून दिलं. त्या दिवसापासून माझी नेमणूक झाली.

काकांचा संगणक ओटीवरच्या खोलीत होता. त्याला काकूंनी जुन्या साडीचा अभ्रा शिवला होता. सकाळी मऊ भात खाऊन झाला की काका अभ्रा काढत, घडी घालून खुर्चीच्या पाठीवर टाकत आणि इनबॉक्स उघडत. स्पॅमचा कप्पा ते आधी उघडत. मेल कंपनीने काही मेल परस्पर त्यात टाकावेत याचाच त्यांना राग होता. "म्हणणं ऐकून न घेता बाजूला टाकलं! हा कुठला न्याय?" असं म्हणत ते एकेक मेल तिथून उचलून पुन्हा इनबॉक्समध्ये आणून ठेवत. जगात स्पॅमची एवढी माणुसकीने विचारपूस दुसरं कोणी करत असेल असं मला वाटत नाही.

'अनसबस्क्राइब'चं बटण मी त्यांना एकदा दाखवलं. हे दाबलं की त्या कंपनीचे मेल बंद होतात, असं सांगितलं.

"म्हणजे आपण आधी सबस्क्राइब केलं होतं असा अर्थ होतो," काका म्हणाले. "सापळा आहे. हात लावू नकोस."

उत्तरं दिली की मेल वाढतात, हेही सांगून पाहिलं. तुमचा पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं, मग तो दुसऱ्यांना विकतात.

"वाढू देत. तारखा वाढल्या की समोरचा दमतो."

आणि खरोखर समोरचा दमायचा. आफ्रिकेतल्या एका बॅरिस्टरने कळवलं होतं की काकांच्याच आडनावाचा एक गृहस्थ तिकडे मोठी संपत्ती ठेवून निपुत्रिक वारला आहे आणि काका वारस म्हणून पुढे आले तर रक्कम मिळेल. काकांनी त्याला आधी वंशावळ मागितली. मग आपल्या घराण्याचा सातबारा समजावून सांगितला. त्यावर इतकी नावं होती की आणे-पैचा हिस्सा काढायलाही कोणी तयार नव्हतं. या सर्व हिस्सेदारांना नोटिसा काढल्याशिवाय एकट्याने रक्कम घेणं बेकायदा ठरेल, असं त्यांनी बजावलं. शेवटी एक मुद्दा जोडला : "आमच्या घराण्यातील कोणी इसम मरताना पैसे शिल्लक ठेवून जाईल हे संभवत नाही. सबब, मयत आमच्यापैकी नसावा." तो बॅरिस्टर बरेच दिवस चिवटपणे लिहीत राहिला. मग त्याचा एका ओळीचा मेल आला : महाशय, कृपा करून मला पुन्हा लिहू नका.

काकांनी त्यालाही उत्तर दिलं.

त्यांना सर्वांत जास्त राग यायचा तो उत्तर न घेणाऱ्या पत्त्यांचा. कुठल्याशा कंपनीने जाहिरात पाठवली, काकांनी उत्तर धाडलं आणि ते परत आलं, की या पत्त्यावर लिहू नये. त्या दिवशी ते जेवले नाहीत. "नोटीस पाठवतो आणि उत्तर घेत नाही! पळपुटा मेला. याचा टपालाचा पत्ता काढ गो, रजिस्टर्ड टाकतो."

रत्नागिरीतल्या एकाकी महिला आपल्याशी मैत्री करण्यास उत्सुक आहेत, असा मेल आला तेव्हा मी तो मोठ्याने वाचायला तयार नव्हते. काका चष्मा पुसत म्हणाले, "वाच, वाच. कोर्टात याहून वाईट वाचलंय." मी वाचलं. आतून काकू ओल्या हाताने बाहेर आल्या.

"रत्नागिरीतल्या? पत्ता दिलाय काय? कोण त्या, जाऊन बघून येते. चहा तरी पाजतील."

काकांनी सांगितलेलं उत्तर असं होतं : "सदर महिलांशी आमचा पूर्वी कोणताही संबंध नव्हता व आज नाही. हे उत्तर पत्नीच्या समक्ष लिहिले असे." काकूंनी वाचून घेतलं आणि 'समक्ष'च्या पुढे आपलं नाव घालायला लावलं.

पण सगळ्यात कठीण गेलं ते जागेचं. तुमच्या मेलबॉक्समधली जागा संपत आली आहे, जुने मेल काढून टाका नाहीतर जास्तीची जागा विकत घ्या, असा मेल आला. हा स्पॅम नव्हता. मेल कंपनीचाच खरा मेल होता, आणि मला आशा वाटली की आता तरी काही पुसलं जाईल. काका सरळ होऊन बसले. कित्येक वर्षांत त्यांच्या हाताला इतकं चांगलं प्रकरण लागलं नव्हतं. "लिही. सदर जागेत आम्ही बारा वर्षांहून अधिक काळ उघडपणे, अखंड व विनाहरकत वहिवाट करीत आहोत. सबब, जागा रिकामी करण्याचा प्रश्न उद्भवत नाही." याचं इंग्रजी करताना माझी दमछाक झाली. आमच्या शाळेत वहिवाट शिकवली नव्हती. खरं म्हणजे मराठी मी घरी बोलायला शिकले, पण लिहायला शिकले ती काकांच्या हाताखाली. अजूनही मैत्रिणीला साधा निरोप लिहिताना माझ्या हातून 'सबब' जातं.

हा माणूस विनोदी होता असं यावरून वाटेल. तो हसताना मी पाहिलेला नाही. ओटीच्या बाजूला कुंपण म्हणून जांभ्या चिऱ्यांचा छातीएवढा गडगा होता, आणि त्या गडग्यापलीकडे त्यांचे सख्खे थोरले भाऊ राहत होते. दोघे एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, एका झाडावरून होतं. झाड नेमकं गडग्याच्या रेषेत उगवलं होतं, म्हणजे अर्धं इकडे, अर्धं तिकडे. आमसुलं कोणी करायची यावरून सुरुवात झाली आणि काकांनी दावा लावला. पुढे एका वादळात ते झाड मुळासकट आडवं झालं. जाताना गडग्याचा एक तुकडाही घेऊन गेलं. दावा मात्र जागचा हलला नाही. झाड नाही तर भांडता कशाला, असं मी काकूंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "झाड कधीच नव्हतं गो भांडणात. सासूबाई गेल्या तेव्हा कोण उशिरा आला, तिथून आहे ते. पण त्याचा दावा कसा लावणार?"

तारखेला दोघे वेगवेगळ्या वाटांनी कोर्टात जात आणि वेगवेगळ्या वाटांनी परत येत. काकू गडग्यावर कधीमधी वाटी ठेवत, अळूची भाजी नाहीतर फणसाची सांदणं. वाटी धुऊन गडग्यावर परत यायची. शब्द कोणी बोलायचा नाही, कारण काकांनी घरात सगळ्यांना, म्हणजे काकूंना आणि मला, ताकीद दिली होती : "गडग्यापलीकडे अवाक्षर नाही. उद्या साक्षीत काढतील." मी ही ताकीद फार काटेकोर पाळली. मला ती सोयीचीच होती.

त्या मे महिन्यात मी परीक्षेच्या रजेवर होते, दिवसभर वरच्या खोलीत अभ्यास करत. काकू भाच्याच्या मुंजीसाठी देवरूखला गेल्या होत्या. सकाळी काकांची हाक आली. हाकेत नेहमीचा रुबाब नव्हता, म्हणून मी पुस्तक उघडं टाकूनच खाली गेले.

"हे वाच," ते म्हणाले. "दादाचं आहे."

मेल गडग्यापलीकडच्या पत्त्यावरून आला होता. थोरले काका आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी मेलवर घेत, तो पत्ता सगळ्यांना माहीत होता. मजकूर इंग्रजीत होता. मी अचानक लंडनला आलो आहे, इथे माझं पाकीट आणि पासपोर्ट चोरीला गेला, हॉटेलचं बिल भरल्याशिवाय मला सोडत नाहीत, कृपा करून खालच्या खात्यात ताबडतोब पैसे पाठव, कुणाला सांगू नकोस, माझा भरवसा फक्त तुझ्यावर आहे. तळाला त्यांचं पूर्ण नाव.

मी मान वर केली. खिडकीतून गडगा दिसत होता आणि गडग्यापलीकडे थोरले काका उघड्या अंगाने, पंचा नेसून, आंब्याच्या रसाची साठं उन्हात वाळत घालत होते. काठीला काळं फडकं बांधून कावळे हाकत होते.

"काका, हे स्पॅम आहे," मी म्हटलं. "त्यांचा पासवर्ड कोणीतरी चोरलाय. त्यांच्या ओळखीच्या सगळ्यांना हाच मेल गेला असणार."

"शेवटचं वाक्य पुन्हा सांग."

"भरवसा फक्त तुझ्यावर आहे."

"हं."

"काका, ते इथेच आहेत. बघा ना खिडकीतून."

"दिसतंय मला." त्यांनी खिडकीकडे बघितलंही नाही. "लंडनला नाही तो. मला तेवढं कळत नाही काय? पण हे बघ, दाव्यात वाढवून लिहावंच लागतं. भांडण वीतभर जागेचं असलं तर लिहिताना हातभर लिहितात. त्यातून मूळ मुद्दा काढायचा असतो. लंडन काढ. हॉटेल काढ. काय उरतं?"

मी मेल पुन्हा वर सरकवला.

"अडचण उरते," काका म्हणाले. "मोहोर गळला या वर्षी त्याचा. पेट्या निम्म्या पण गेल्या नाहीत, मी रोज बघतोय. सरळ मागणार नाही तो. आमच्या घरात सरळ कधी कोणी मागितलेलं नाही. वडलांना पाणी हवं असलं तर 'आज उकडतंय' म्हणायचे, आणि आई आणून द्यायची."

मग ते आत गेले आणि बाहेर आले तेव्हा अंगात शर्ट होता आणि हातात बँकेची ठेवपावती. ती पावती मला ओळखीची होती, कारण तिची मुदत बघायला काकूंनी ती माझ्याकडेच दिली होती. काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे होते ते. देवरूखहून आल्यावर डॉक्टरांकडे दिवस ठरवायचा होता.

"बँकेत जाऊन येतो. परदेशात पाठवायचे म्हणजे काय फॉर्म भरावा लागतो ते तुला माहीत असेल. चल."

लॉटरीवाले, बॅरिस्टर, केस उगवणारे, एकाकी महिला. एवढ्यांना ज्याने पुरून उरून दाखवलं, तो माणूस सगळ्यांत ढोबळ मेलला पाय धुवायला पाणी ठेवत होता, आणि ज्याच्या नावाने तो मेल आला होता तो त्याच वेळी खिडकीपलीकडे कावळे हाकत होता. मी पासवर्डचं पुन्हा समजावलं. 'चोरी'ला पुरावा काय, असं त्यांनी विचारलं. काकूंना फोन करून विचारूया म्हटलं, तर म्हणाले, "कुणाला सांगू नकोस असं लिहिलंय." ते चपला घालायला लागले.

शहाणपण त्यांना पटत नव्हतं. मग मी कोर्टाच्या भाषेत सुरुवात केली.

"काका, उत्तर?"

ते थांबले.

"उत्तर दिल्याशिवाय पैसे पाठवले तर मजकूर सगळाच कबूल केल्यासारखं होईल. लंडनसकट."

"मुद्दा आहे," काका म्हणाले आणि एक चप्पल काढली. "लिही. मराठीत लिही, इंग्रजी नको."

मी लिहून घेतलं ते उत्तर असं होतं. "रा. रा. दादा यांस. आपले इंग्रजी पत्र पावले. आपण लंडन मुक्कामी आहात हा मजकूर मान्य व कबूल नाही, कारण आपण आपल्या अंगणात साठे वाळवीत आहात हे आमच्या खिडकीतून दिसत आहे. परंतु आपणास अडचण आहे हा मजकूर नाकारण्यास आमच्याकडे पुरावा नाही. सबब, रक्कम पाठवीत आहोत. सदर रक्कम आपल्या आमच्यातील दाव्याच्या कामी कोणत्याही अर्थाने वाचू नये. ती परत करण्याचे कारण नाही." इथे त्यांनी चष्मा काढून पुसला. मग घाईघाईने म्हणाले, "प्रकृतीस जपावे."

"हे मेलने पाठवू नये," मी म्हटलं. "ते लंडनला नाहीत हे आपणच लिहिलंय. माणूस प्रत्यक्ष जिथे राहतो तिथे बजावणी करायची, असं तुम्हीच सांगता. आणि आधी पोच, मग पैसे."

माझ्या तोंडून एवढं सलग बोलणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी दुसरी चप्पलही काढली. "तू बेलिफ," ते म्हणाले. "जा. कागद द्यायचा, प्रतीवर सही घ्यायची. अवाक्षर बोलायचं नाही. घेतला नाही तर दारावर डकवून यायचं." आणि मला डिंकाची बाटली दिली.

कागद, प्रत आणि डिंक घेऊन मी पुढच्या फाटकातून बाहेर पडले आणि रस्त्याने वळसा घालून पलीकडच्या फाटकातून आत गेले. थोरल्या काकांनी काठी खाली केली.

"तू वरची ना गो? काय हवं? साठं अजून ओली आहेत."

मी कागद पुढे केला.

त्यांनी तो हात लांब करून धरला, मग जवळ आणला. "चष्मा आत आहे. तूच वाच."

अवाक्षर बोलायचं नव्हतं. पण हे माझं बोलणं नव्हतं, काकांचं होतं, अशी मी मनाची समजूत घातली आणि वाचायला लागले. शाळेत कविता म्हणायला उभं केलं की माझा आवाज बसायचा. इथेही बसला. "मोठ्याने गो," ते ओरडले, "कावळे ऐकू देत नाहीत." मग मी मोठ्याने वाचलं. पलीकडे आमच्या ओटीवरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मी 'प्रकृतीस जपावे'पर्यंत पोचले. थोरले काका साठांकडे बघत उभे होते.

"पुन्हा वाच," ते म्हणाले. "शेवटचं नको. ते लंडनचं काय आहे?"

आता मात्र बोलावंच लागलं. मी त्यांना सगळं सांगितलं, पासवर्ड, मेल, हॉटेलचं बिल. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला. "तरीच काल रात्रीपासून गिऱ्हाइकांचे फोन," ते पुटपुटले. "एकानेही विचारलं नाही कसा आहेस. सगळे आपले, आमच्या पेट्या निघाल्यात ना?" आणि काठी टाकून ते तरातरा गडग्याशी गेले.

"ए खुळ्या!"

पलीकडे कोणीतरी खाकरलं. मग काकांचा आवाज आला, कोर्टातला. "कोणाला उद्देशून?"

"इथे दुसरा कोण खुळा आहे? मी लंडनला गेलोय काय रे?"

"तू म्हणतोस."

"आयुष्यात मी मुंबईपलीकडे गेलेलो नाही!"

"पासपोर्ट काढला होतास."

"काढला होता. गेलो नाही."

"ते मला कसं कळणार? सांगितलंस?"

"तू विचारलंस?"

काका ओटीवरून खाली उतरून गडग्याजवळ आले होते. दोघांची डोकी आता मला दिसत होती, समोरासमोर, एकाच घडणीची, एकाच जागी टक्कल पडलेली. एक कावळा साठावर येऊन बसला. "हाड!" दोघे एकदमच ओरडले.

"डोळ्यांनी दिसतोय ना मी तुला?" थोरले काका म्हणाले.

"दिसतोस. रोज दिसतोस."

"मग पैसे पाठवायला कशाला निघालास?"

"मागितलेस म्हणून."

"मी मागितले नाहीत!"

"लेखी आहे."

"कुठून आणणार होतास पण?"

"ते तुला काय करायचंय?"

"काकूंच्या गुडघ्याचे," मी म्हटलं. कोणी मला विचारलं नव्हतं.

थोरल्या काकांनी माझ्याकडे बघितलं, मग गडग्यापलीकडे. "तिच्या गुडघ्याचे? त्या बाईच्या गुडघ्याचे पैसे तू चोराला द्यायला निघालास?"

"चोराला नाही," काका म्हणाले. "तुला."

थोरल्या काकांनी पंच्याच्या टोकाने तोंड पुसलं, मानही पुसली. मग माझ्या हातातली प्रत ओढून घेतली आणि पेन मागितलं. मी दिलं. गडग्याच्या चिऱ्यावर कागद ठेवून त्यांनी सही केली. सहीखाली काही लिहिलं आणि प्रत माझ्याकडे न देता थेट गडग्यावरून काकांच्या हातात दिली. काकांनी वाचली आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. त्यात काय लिहिलंय हे त्यांनी मला लगेच दाखवलं नाही. दुपारी विचारलं तेव्हा म्हणाले, "लिहितो काय, माझी प्रकृती ठीक आहे, तू मिठाचं कमी कर."

मग थोरल्या काकांचं मेलचं खातं चोराकडून सोडवायचं काम माझ्यावर आलं. थोरले काका वळसा घालून आले नाहीत. झाड पडलं तिथे गडगा ढासळलेला होता, तिथूनच पाय टाकून आत आले.

"हे अतिक्रमण आहे," काका म्हणाले.

"नोंद करून घे," थोरले काका म्हणाले आणि संगणकासमोरच्या खुर्चीत बसले. काकांनी आतून दुसरी खुर्ची आणली. मी मधे उभी. नवीन पासवर्ड कुठला घालायचा यावर दोघांची जी जुंपली ती दुपारच्या जेवणापर्यंत चालली. काका म्हणत, आजोबांचं नाव घाल. थोरले म्हणत, ते कोणालाही ओळखता येईल. काका म्हणाले, आपल्या आजोबांना ओळखणारं आता आहे कोण? शेवटी पासवर्ड मी घातला आणि चिठ्ठीवर लिहून दिला. तो दोघांनाही पसंत नव्हता.

संध्याकाळी काकू देवरूखच्या एसटीतून उतरून रिक्षाने आल्या, तर ओटीवर दोन माणसं हातवारे करून भांडत होती. त्या फाटकातच पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, त्यांना भीती वाटली असेल, म्हणून मी धावत खाली गेले आणि घाईघाईने सगळं सांगितलं, गुडघ्याचं मात्र गाळून. ते काकांनी स्वतः रात्रीच्या जेवणाआधीच कबूल केलं. काकू म्हणाल्या, "दिले असतेत तरी काही म्हटलं नसतं. चोराला दिलेत असं कळलं असतं तर मात्र तुमचा गुडघा मोडला असता."

काका सुधारले वगैरे असं काही झालं नाही. मेल वाढतच गेले. फरक एवढाच पडला की उत्तरं सांगायला आता दोघे बसत. थोरल्यांना काकांची उत्तरं फार सौम्य वाटत. ते मधेमधे 'लबाड' हा शब्द घालायला लावत आणि काका तो काढायला लावत, कारण तो सिद्ध करावा लागेल. मला एकच मेल दोनदा टंकावा लागे. माझी परीक्षा मी त्या खेपेला नापास झाले. त्याचं खापर काकांनी परीक्षा घेणाऱ्यांवर फोडलं आणि त्यांना नोटीस काढायची तयारी दाखवली. पुढच्या खेपेला मी पास झाले आणि पुण्याला नोकरी धरली. माझ्या इनबॉक्समध्ये आलेलं काहीही मी न वाचता पुसते.

रत्नागिरी सोडण्याच्या आदल्या आठवड्यात रातांब्याच्या दाव्याची तारीख होती. सकाळी मी खाली आले तर फाटकात एकच रिक्षा उभी होती आणि थोरले काका आधीच आत बसले होते. कागदांची पिशवी मांडीवर, टोपी डोक्यावर. "ए, आटप रे!" ते ओरडत होते. "तू आला नाहीस तर गैरहजेरीत दावा काढून टाकतील. मला फुकटचा जिंकायचा नाही!"

"येतोय, येतोय. पुराव्याची फाईल मिळत नाही."

"माझ्याकडे आहे तुझी फाईल. काल विसरून गेलास!"

काका धोतराचा सोगा सावरत बाहेर पडले. मागोमाग काकू, हातात डबा. ऑपरेशननंतर त्या हळूच चालत, पण चालत. डबा त्यांनी रिक्षात थोरल्यांच्या हातात दिला. दोघांना मिळून एकच होता, घावन आणि ओल्या नारळाची चटणी. काका बसतात न बसतात तोच रिक्षातून आवाज यायला लागले की वकिलांनी मागच्या तारखेला जे म्हटलं ते चूक होतं की बरोबर. रिक्षा उतारावरून खाली गेली तरी ऐकू येत होतं.

मी काकूंना विचारलं, "आता भांडण मिटलंय, झाडही नाही. दावा मागे का घेत नाहीत?"

काकूंनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू एवढं शिकून मला काहीच कळत नाही.

"गप्प बस," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासमोर चुकून बोलशील हे. मग दोघं बोलतील कशावर?"